दोन कार्बनांचा फरक : मॅक्रोफेज पेशी, कोलेस्टेरॉल आणि वनस्पतींचे स्टेरॉल

चरबी साचलेल्या धमनीचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर काही पेशी फेसाने भरल्यासारख्या दिसतात. केंद्रक एका कडेला सरकलेलं आणि उरलेल्या जागेत बारीक बारीक पोकळ्या. काप तयार करताना वापरलेल्या द्रावणांत चरबी विरघळून जाते, त्या तिच्या रिकाम्या जागा. या फेनपेशी मुळात मॅक्रोफेज असतात, म्हणजे जंतू आणि मेलेल्या पेशी गिळून शरीर साफ ठेवणाऱ्या रोगप्रतिकारक पेशी. पोकळ्यांत जे होतं ते कोलेस्टेरॉल, पण मोकळं नव्हे. त्याला मेदाम्ल जोडून त्याचं एस्टर केलेलं होतं. मोकळं कोलेस्टेरॉल आणि एस्टर यांतला हा भेद मला या सगळ्या इतिहासाचा गाभा वाटतो.

जर्मन रसायनशास्त्रज्ञ आडोल्फ विंडाउस यांना तो १९१०मध्येच दिसला होता. रोगग्रस्त महाधमनीत मोकळं कोलेस्टेरॉल निरोगी धमनीच्या सुमारे सहापट, तर एस्टर वीसपटीच्या आसपास, असं त्यांच्या मोजमापात आलं. तीन वर्षांनी सेंट पीटर्सबर्गमध्ये निकोलाय अनिच्कोव यांनी सशांना सूर्यफुलाच्या तेलात विरघळवलेलं शुद्ध कोलेस्टेरॉल खाऊ घातलं. सशांच्या धमन्यांत फेनपेशी भरल्या. नुसतं तेल दिलेल्या सशांच्या धमन्या मात्र स्वच्छ राहिल्या. सूर्यफुलाच्या तेलात वनस्पतींचे स्टेरॉल, म्हणजे कोलेस्टेरॉलच्याच कुळातले पदार्थ, असतात हे आज माहीत असल्यामुळे हा प्रयोग वाचताना मी दरवेळी इथे थबकतो. तेव्हा त्या अंगाने कोणी बघण्याचं कारणच नव्हतं.

वनस्पतींतल्या या पदार्थांना ‘फायटोस्टेरिन’ हे नाव ओस्वाल्ड हेस यांनी १८७८मध्ये दिलं होतं. रचनेत ते कोलेस्टेरॉलचे सख्खे भाऊ शोभतील असे आहेत. चार कड्यांचा सांगाडा तोच, फरक फक्त शेपटीत. कोलेस्टेरॉलमध्ये कार्बनचे २७ अणू, कॅम्पेस्टेरॉलमध्ये २८ आणि सिटोस्टेरॉलमध्ये २९. स्टिग्मास्टेरॉलच्या शेपटीत वर एक दुहेरी बंधही असतो. एवढ्याशा फरकावर आतडं मात्र काटेकोर निवड करतं. खाल्लेल्या कोलेस्टेरॉलपैकी साधारण निम्मं शरीरात शिरतं, सिटोस्टेरॉल पाच टक्क्यांहूनही कमी.

म्हणूनच वनस्पतींच्या स्टेरॉलकडे बराच काळ निव्वळ औषध म्हणून पाहिलं गेलं. १९५१मध्ये कोंबड्यांवरच्या आणि १९५३मध्ये माणसांवरच्या प्रयोगांत त्यांनी रक्तातलं कोलेस्टेरॉल खाली आणलं. आतड्यात ते कोलेस्टेरॉलची जागा अडवतात, एवढंच गणित. १९९५मध्ये फिनलंडमध्ये स्टॅनॉल, म्हणजे स्टेरॉलचं हायड्रोजन जोडलेलं रूप, घातलेलं मार्गरिन बाजारात आलं.

दरम्यान १९७४मध्ये भट्टाचार्य आणि कॉनर या संशोधकांनी दोन बहिणींची नोंद प्रसिद्ध केली होती. दोघींच्या स्नायूबंधांवर चरबीच्या गाठी होत्या. अशा गाठी म्हटलं की कोलेस्टेरॉल प्रचंड वाढलेलं असणार, हा वैद्यकातला ठोकताळा. यांचं मात्र सर्वसाधारण होतं. वाढलं होतं ते सिटोस्टेरॉल. गाठी फेनपेशींच्याच असतात, म्हणजे वनस्पतींचे स्टेरॉल रक्तात पोचले तर मॅक्रोफेज त्यांनाही पोटात घेतात, हे इथे उघड झालं. या आजाराला सिटोस्टेरोलेमिया म्हणतात. त्यात तरुणपणी हृदयविकार होऊ शकतो, तांबड्या पेशी फुटतात, प्लेटलेट मोठ्या आणि कमी होतात. नेहमीच्या तपासणीला दोन स्टेरॉलांतला फरक कळत नाही. सगळं कोलेस्टेरॉल म्हणूनच मोजलं जातं. त्यामुळे हे रुग्ण वर्षानुवर्षं भलत्याच निदानाखाली उपचार घेत राहतात, आणि याची मला मनापासून हळहळ वाटते.

कारण २००० आणि २००१मध्ये सापडलं. एबीसीजी५ आणि एबीसीजी८ या दोन जनुकांपासून बनणारा पंप आतड्यात आणि यकृतात बसून वनस्पतींचे स्टेरॉल बाहेर फेकत असतो. दोन्हींपैकी एक जनुक जरी पूर्ण निकामी झालं, तरी दार उघडं पडतं. हा पंप मुख्यतः आतड्याचा आणि यकृताचा. मॅक्रोफेजला त्याचा आधार नाही.

मग मॅक्रोफेज काय करते? मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन या अमेरिकन शास्त्रज्ञांच्या गटाने १९७९पासून दाखवलं, की बदल झालेले एलडीएलचे, म्हणजे रक्तातून कोलेस्टेरॉल वाहून नेणारे, कण ती तिच्या पृष्ठभागावरच्या वेगळ्या ग्राहकांवाटे (रिसेप्टरवाटे) भराभर गिळते. कणाबरोबर जे येईल ते आत येतं. कोलेस्टेरॉल की सिटोस्टेरॉल, अशी पारख त्या दारावर होत नाही. पारख होते ती आत. एसीएटी हे विकर (एन्झाइम) जास्तीच्या कोलेस्टेरॉलला मेदाम्ल जोडून त्याचे थेंब करून ठेवतं. पुढे ते थेंब मोडतात, पुन्हा बनतात, आणि बाहेर एचडीएल, म्हणजे पेशींतलं कोलेस्टेरॉल उचलून नेणारे कण, मिळाले की मोकळं झालेलं कोलेस्टेरॉल निघूनही जातं. फेस दिसायला भयंकर, पण पेशीच्या दृष्टीने ती सुरक्षित साठवण आहे. मोकळं कोलेस्टेरॉल मात्र पेशीच्या आतल्या पटलांत घुसून त्यांचा लवचीकपणा घालवतं. त्या ताणाने मॅक्रोफेज मरते, हे इरा टाबास यांच्या प्रयोगशाळेने २००३मध्ये दाखवलं.

सिटोस्टेरॉलला एसीएटी नीट ओळखतच नाही. दोन जादा कार्बनांची ती शेपूट विकराला मानवत नाही, म्हणून ते बरंचसं मोकळंच राहतं. २००६मध्ये टाबास यांच्या गटाने सिटोस्टेरॉल असलेले कण मॅक्रोफेजना दिले. एसीएटी शाबूत होतं, तरीही पेशी मेल्या. तेही नेहमीच्या शिस्तबद्ध मृत्यूने नव्हे, तर तो घडवणाऱ्या कास्पेस विकरांना वगळून, फुटून सांडणाऱ्या मृत्यूने. अशा मृत्यूतून दाह पसरतो.

हे वाचून तेलबिया आणि सुकामेवा बाजूला सारायचं कारण नाही. निरोगी माणसाच्या रक्तात वनस्पतींचे स्टेरॉल कोलेस्टेरॉलच्या एका टक्क्याहूनही कमी असतात. सगळे स्टेरॉल सारखे वागतात असंही नाही. स्टिग्मास्टेरॉल एलएक्सआर हा पेशीतला संवेदक जागा करतं, आणि तो जागा झाला की पेशी कोलेस्टेरॉल बाहेर काढणारे पंप वाढवते.

तेच स्टिग्मास्टेरॉल यकृतात मात्र घातक ठरलं. आतडं निकामी असलेल्या बाळांना शिरेतून सोयाबीन तेलाचं इमल्शन, म्हणजे पाण्यात बारीक थेंबांनी मिसळलेलं तेल, देतात, तेव्हा आतड्याची चाळणी पूर्ण टळते. यकृत बिघडलेल्या अशा मुलांच्या रक्तात वनस्पतींचे स्टेरॉल चढलेले असल्याची नोंद १९९३मध्ये झाली. २०१३मध्ये उंदरांवरच्या प्रयोगात निरुपद्रवी ठरलेल्या माशाच्या तेलाच्या इमल्शनमध्ये फक्त स्टिग्मास्टेरॉल मिसळलं, आणि पित्त तुंबलं. सोयाबीनच्या इमल्शनने चेतवलेल्या कुप्फर पेशी म्हणजे यकृतात ठाण मांडून बसलेल्या मॅक्रोफेजच. पित्त तुंबलेल्या मुलांसाठी माशाच्या तेलाच्या इमल्शनला अमेरिकेत २०१८मध्ये मान्यता मिळाली. त्यात वनस्पतींचे स्टेरॉल जवळजवळ नसतात.