जुगाराची झळ फक्त मांडवीकाठी?

“गोव्यातला जुगार म्हणजे मांडवीतल्या कॅसिनो बोटी, तिथे पैसा पर्यटकांचा जातो, आपल्या वाड्याला झळ लागत नाही,” असा संदेश वर्षानुवर्षे फिरतो आहे. रोषणाई डोळ्यांत भरत असल्याने तो पटणे स्वाभाविक आहे.

सार्वजनिक जुगारावर 1976 च्या कायद्याने बंदी आहे. 1992 च्या दुरुस्तीने पंचतारांकित हॉटेलांतील जुगाराच्या यंत्रांना आणि पुढे जहाजांवरील खेळांना मुभा मिळाली. मटक्याला, म्हणजे आकड्यांवर पैसे लावण्याच्या जुगाराला, ती मिळाली नाही, तरीही आकडा बाजारपेठेत, बसस्थानकाजवळ, एखाद्या गाड्यामागे लावला जातोच, आणि बेकायदा असल्याने त्याचा हिशेब कुठेच दिसत नाही.

तोटा तपासणे सोपे आहे. मटक्यातल्या जोडीचे, म्हणजे दोन अंकी, आकडे 00 ते 99, म्हणजे शंभर. आकडा लागल्यास मिळणारा प्रचलित दर नव्वदपट धरला, तर प्रत्येक आकड्यावर एक रुपया लावणाऱ्याचे शंभर जातात आणि नव्वद परत येतात. रक्कम किरकोळ वाटते, पण रोज लावणाऱ्याकडून ती रोज गळत राहते.

शिवाय हारलेला पर्यटक आपले कर्ज आपल्या गावी नेतो, तर मटक्यात हारलेल्या रोजंदारी कामगाराची उधारी त्याच वाड्यातल्या पसरकाराच्या (किराणा दुकानदाराच्या) वहीत चढते. म्हणून बोटींपासून दूरचा, मजुरांच्या खोल्यांचा भाग अधिक पोळू शकतो. आपल्या भागात आकडा कुठे घेतला जातो आणि पगाराच्या दिवशी तिथे गर्दी वाढते का, एवढे पाहिले तरी कल्पना येते.