ब्योमकेशवरच्या मतभेदांची मुळे

दूरदर्शनवरच्या ‘ब्योमकेश बक्शी’ या गुप्तहेर मालिकेचा विषय निघाला की काही मते हमखास ऐकू येतात. पहिले पर्व दुसऱ्यापेक्षा सरस होते. रजित कपूरनंतर दुसरा कुणी ब्योमकेश म्हणून पटत नाही. खुनी कोण ते अर्ध्यातच कळते, तरी भाग सोडवत नाही. आणि तक्रारीच्या सुरात आणखी एक: सगळे फार संथ, सगळे खोलीतल्या खोलीत. मालिका १९९३ मध्ये आली, पण या मतांची मुळे त्याच्या साठ वर्षे मागे जातात. मूळ कथा कशा आणि कधी लिहिल्या गेल्या हे पाहिले की पडद्यावरच्या बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो.

आधी त्या वेळच्या प्रेक्षकाची सवय पाहू. खासगी गुप्तहेर म्हटले की त्याच्या डोळ्यांसमोर ‘करमचंद’ यायचा. १९८५ची पंकज पराशर यांची मालिका, गाजर खाणारा पंकज कपूर, त्याची सहायक किटी आणि तिला दर भागात बसणारे ‘शट अप’. तिथे लकबी आधी लक्षात राहायच्या, गुन्हा नंतर. ब्योमकेशला अशी एकही लकब नाही. धोतर-कुडत्यातला, मध्यमवर्गीय, सिगारेट ओढणारा, हळू आवाजात बोलणारा माणूस. त्याला ‘डिटेक्टिव्ह’ म्हटलेलेही आवडत नाही. स्वतःसाठी त्याने ‘सत्यान्वेषी’ हा शब्द घेतला आहे. ज्यांना करमचंदची चटक होती त्यांना हा सुरुवातीला बेचव वाटला तर नवल नाही.

नावाबद्दल थोडे. व्योम म्हणजे आकाश, आणि आकाश हेच ज्याचे केस तो व्योमकेश, म्हणजे शंकर. मराठीत आपण ‘व्योमकेश’च म्हणू. बंगालीत ‘व’चा ‘ब’ होतो, आणि हिंदी मालिकेने तो बंगाली उच्चार शीर्षकात तसाच ठेवला.

त्याचे जनक बंगाली लेखक शरदिंदु बंद्योपाध्याय. जन्म १८९९चा, जौनपूरचा. ब्योमकेशची पहिली लिहिलेली कथा ‘पथेर काँटा’, साल १९३२. तिच्यामागून ‘सीमंत-हीरा’ झाली आणि मग या माणसाची मालिकाच करावी असे लेखकाच्या मनात आले. तेव्हा त्याची ओळख करून देणारी ‘सत्यान्वेषी’ लिहिली गेली. म्हणजे लेखनात तिसरी असलेली कथा घटनाक्रमात पहिली ठरली. दिग्दर्शक बासू चटर्जींनी मालिकेत हाच क्रम ठेवला. पहिल्या भागात ब्योमकेश खोटे नाव घेऊन एका मेसमध्ये राहायला येतो आणि तिथे त्याची अजितशी, म्हणजे पुढच्या जोडीदाराशी, गाठ पडते. हा भाग सर्वांत चांगला बांधलेला वाटतो असे अनेक जण म्हणतात. तो लिहिलाच मुळी ओळख करून देण्यासाठी होता, तेव्हा ते साहजिक आहे.

आता पर्वांच्या वादाकडे. १९३२ ते १९३६ या काळात दहा कथा झाल्या आणि लेखक थांबला. १९३८ मध्ये शरदिंदु बॉम्बे टॉकीजसाठी पटकथा लिहायला मुंबईत आले आणि १९३६पासून धरून पंधरा वर्षे ब्योमकेश गप्प राहिला. १९५१ मध्ये ‘चित्रचोर’पासून तो परतला. पुढच्याच वर्षी लेखकाने मुंबई सोडून पुण्यात बस्तान बसवले आणि १९७० मध्ये निधन होईपर्यंत ते तिथलेच झाले. म्हणजे कलकत्त्याच्या हॅरिसन रोडवरच्या ब्योमकेशच्या निम्म्याहून जास्त कथा पुण्यात बसून लिहिलेल्या आहेत. ‘शैलरहस्य’ तर महाबळेश्वरात घडते. पूर्ण झालेल्या कथा बत्तीस, तेहेतिसावी अपुरी.

या दोन टप्प्यांत फार अंतर आहे. आधीच्या कथांत गुन्ह्याची युक्ती मोठी, माणसे छोटी. नंतरच्या कथांत युक्ती मागे जाते आणि घर, लग्न, वारसा, फाळणीच्या आसपासचा काळाबाजार पुढे येतो. ‘आदिम रिपु’च्या पार्श्वभूमीला १९४६च्या दंगली आणि स्वातंत्र्याचा दिवस आहे. मालिकेची पर्वेही ढोबळमानाने अशीच पडली: १९९३च्या पर्वात सुरुवातीच्या कथा जास्त, १९९७च्या पर्वात मुख्यतः १९५१नंतरच्या. दुसऱ्या पर्वात ‘मजा कमी झाली’ असे जे म्हणतात त्यांना खरे तर लेखकाचा बदललेला सूर जाणवलेला असतो. त्याचा दोष एकट्या दिग्दर्शकावर टाकणे अन्यायाचे आहे.

हा फरक दोन हत्यारांत नीट दिसतो. (ज्यांनी हे भाग पाहिलेले नाहीत त्यांनी हा आणि पुढचा परिच्छेद सोडावा.) ‘पथेर काँटा’वरच्या ‘रास्ते का काँटा’ भागात कलकत्त्याच्या रस्त्यांवर, भर गर्दीत, माणसे एकाएकी कोसळून मरतात. छातीत सापडते ग्रामोफोनची पिन. बंदुकीचा आवाज कुणी ऐकलेला नाही. पिन सुटते सायकलच्या घंटीतून. घंटीच्या वाटीत स्प्रिंगवर चालणारी छोटी नळी बसवलेली आहे आणि घंटीचा खटका तोच बंदुकीचा घोडा. सायकलस्वार समोरून येतो, रस्ता ओलांडणारा माणूस घंटी ऐकून आवाजाकडे तोंड करतो, म्हणजे छाती आपोआप नेमक्या दिशेला येते. त्याच टिचकीत पिन सुटते आणि स्प्रिंगचा आवाज घंटीच्या आवाजात बुडतो. रस्त्यावर सायकलची घंटी कुणाच्या लक्षात राहते? एक जण वाचतो तो केवळ खिशातल्या घड्याळामुळे, कारण पिन त्यातच रुतते. पुढे ब्योमकेश स्वतः सावज बनून जातो तेव्हा छातीवरच्या खिशात चिनीमातीची बशी ठेवतो. सगळी कथा या एका यंत्रावर तोललेली आहे.

उलट नंतरच्या टप्प्यातल्या ‘साही का काँटा’मध्ये हत्यार आहे साळिंदराचा काटा, पाठीतून हृदयापर्यंत खुपसलेला. त्यात यंत्र काहीच नाही. एक माणूस वाचतो, कारण त्याचे हृदय उजव्या बाजूला आहे. पण ही युक्ती कथेचा गाभा नाही. गाभा आहे एका नवविवाहित जोडप्यातला दुरावा, आणि प्रेक्षकाला बराच वेळ तोच पाहावा लागतो. कोड्याच्या ओढीने बसलेला माणूस इथे चुळबुळतो. संसाराच्या कथेत रमणाऱ्याला मात्र हाच भाग जास्त लक्षात राहतो.

‘खुनी आधीच कळतो’ या तक्रारीचे कारण तांत्रिक आहे. कथेत सगळे अजित सांगतो. तो जे पाहतो तेवढेच वाचकाला दिसते आणि तो जे चुकीचे समजतो ते वाचकही चुकीचे समजतो. पडद्यावर हा आडोसा राहत नाही. कॅमेरा वस्तूवर थांबला की प्रेक्षक सावध होतो. त्यात भागाचा वेळ मोजका. बहुतेक कथा एका भागात बसवल्या, काही लांब कथांना जास्त भाग दिले. एवढ्या वेळात चार-पाच संशयितांपलीकडे जाता येत नाही, आणि त्यांतल्या ज्याला कारण नसताना दोन प्रसंग मिळाले त्याच्यावर नजर जातेच. चटर्जींनी यावर उपाय म्हणून मारामारी किंवा पाठलाग घातला नाही. खुनी लपवण्यापेक्षा उलगडा कसा होतो यावर त्यांनी भर दिला. शेवटी सगळ्यांना एका खोलीत बसवून ब्योमकेश शांतपणे एकेक दुवा जोडतो, ती पाच मिनिटे सावकाश आहेत म्हणूनच टिकली. ‘रजनी’सारखी मालिका करणाऱ्या दिग्दर्शकाची घरगुती बोलण्यावरची पकड इथे पुरेपूर कामी आली.

पात्रयोजनेबद्दल मात्र फारसे दुमत आढळत नाही. रजित कपूर, अजितच्या भूमिकेत के. के. रैना आणि सत्यवतीच्या भूमिकेत आपल्या सुकन्या कुलकर्णी. तिघांपैकी एकही बंगाली नाही, आणि त्यांच्या तोंडी ओढूनताणून बंगाली हेलही दिलेला नाही. हा निर्णय अगदी योग्य होता. नक्कल केली असती तर दर वाक्याला लक्ष गुन्ह्यावरून उच्चारावर गेले असते. सत्यवती येते ‘अर्थमनर्थम’ कथेतून, एका खुनाच्या तपासात भेटलेली मुलगी म्हणून, आणि ब्योमकेश चक्क तिच्याशी लग्न करतो. होम्सची छाप असलेल्या गुप्तहेरांत हे दुर्मीळच. त्याला मूल होते, त्याचे वय वाढते, पुढे तो घरही घेतो. नंतरच्या भागांत अजित फिका वाटतो अशी खंत काही जण व्यक्त करतात, तिचेही मूळ कथांतच आहे. १९६८च्या ‘वेणीसंहार’पासून शरदिंदुंनी अजितच्या हातून लेखणी काढून घेतली आणि त्याला प्रकाशनाच्या व्यवसायात गुंतवले.

मार्च २०२०च्या टाळेबंदीत दूरदर्शनने मालिका पुन्हा दाखवली आणि २०१५च्या हिंदी चित्रपटातून ब्योमकेश माहीत झालेली तरुण मंडळी तिच्याकडे वळली. ‘संथ’ हा शेरा सर्वांत जास्त त्यांच्याकडूनच येतो. आज पाहताना एक काळजी घ्यावी: मूळ चित्र ४:३ आकाराचे आहे. टीव्हीची सेटिंग रुंद ठेवली तर चेहरे फुगतात, आणि झूम केले तर वरखालचा भाग कापला जाऊन टेबलावरची पत्रे, चष्मे, पेले चौकटीबाहेर जातात. दुवे बहुतेकदा तिथेच ठेवलेले असतात. मालिका पुन्हा दाखवली त्याच वर्षी, ४ जून २०२०ला, बासू चटर्जी मुंबईत वारले.