बीडीएसचा अर्ज अकरावीतच सुरू होतो: पात्रता, कागदपत्रं आणि प्रवेशफेऱ्या

दहावीतल्या मुलीने दाताची डॉक्टर व्हायचंय, म्हणजे बीडीएस करायचंय म्हटलं की घरचे आधी नीटच्या, म्हणजे वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या क्लासची चौकशी करतात. जरूर करावी. पण मार्क चांगले असूनही प्रवेश अडतो तो बहुतेक वेळा कागदांपायी. परीक्षा संपल्यावर जमवायला घेतलेले सगळेच कागद वेळेत हातात पडत नाहीत.

आधी पात्रता. अकरावी-बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी हवं. दहावीनंतर सायन्सला प्रवेश घेताना बायोलॉजी सोडून देण्याचा मोह होतो, तिथेच सावध राहा. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री आणि बायोलॉजी या तीन विषयांत मिळून खुल्या प्रवर्गाला ५० टक्के आणि राखीव प्रवर्गाला ४० टक्के लागतात. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत वयाची १७ वर्षं पूर्ण व्हायला हवीत. नीट ७२० मार्कांची असते आणि त्यातले निम्मे मार्क बायोलॉजीचे. तिथे खुल्या प्रवर्गाला ५० आणि राखीवला ४० पर्सेंटाइल लागतं. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत, बाकीच्या परीक्षार्थींच्या तुलनेत तुम्ही कुठे आहात ते. २०२०-२१ मध्ये जागा रिकाम्या राहिल्या, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने बीडीएससाठी ही अट १० पर्सेंटाइलने खाली आली होती. तसं पुन्हा होईल यावर मात्र भिस्त ठेवू नका.

नीटचा फॉर्म भरताना नाव, वडिलांचं नाव आणि जन्मतारीख दहावीच्या सर्टिफिकेटवर आहे तशीच आधारवरही आहे ना, हे पाहून घ्या. नसेल तर आधार दहावीतच दुरुस्त करा.

आता सगळ्यात वेळखाऊ कागद: जात वैधता प्रमाणपत्र, म्हणजे ज्याला सगळे नुसतं ‘व्हॅलिडिटी’ म्हणतात. राखीव जागेवर प्रवेश घ्यायचा तर नुसता जातीचा दाखला पुरत नाही. अकरावी सायन्सला असतानाच कॉलेजचं पत्र घेऊन ऑनलाइन अर्ज भरायचा आणि कागदांसह जिल्हा जात पडताळणी समितीकडे द्यायचा. अनुसूचित जमातींच्या समित्या वेगळ्या आहेत. खरी मेहनत असते जुना पुरावा शोधण्यात. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांच्या आधीची जातीची किंवा वास्तव्याची नोंद लागते. आजोबा किंवा पणजोबा ज्या शाळेत शिकले तिथला प्रवेश-निर्गम उतारा हा भक्कम पुरावा. घरातलं कुणी शाळेत गेलेलंच नसेल, तर तहसील कचेरीतून कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीची नक्कल काढावी लागते. तिथलं मोडीतलं पान निघालं तर ते वाचून घेण्यातही दिवस जातात. सोबत वंशावळीचं प्रतिज्ञापत्र जोडायचं. वडील, सख्खा भाऊ-बहीण किंवा सख्खे काका यांच्यापैकी कुणाची व्हॅलिडिटी झालेली असेल तर काम बरंच सोपं होतं, म्हणून आधी नातेवाइकांना फोन करा, मगच तहसीलला जा. काही वर्षी सरकारने व्हॅलिडिटी सादर करायला मुदतवाढ दिली आहे, पण तो त्या त्या वर्षीचा निर्णय असतो.

बाकीचे कागद तुलनेने लवकर होतात. वय, राष्ट्रीयत्व आणि अधिवासाचा दाखला सेतू केंद्रातून किंवा ‘आपले सरकार’वरून काढता येतो. ज्यांना लागू आहे त्यांनी नॉन-क्रिमीलेयर (प्रगत गटात मोडत नसल्याचं प्रमाणपत्र) काढावं, पण ते प्रवेशाच्या वर्षानंतरच्या ३१ मार्चपर्यंत वैध असलेलं हवं. जुनं घरात आहे म्हणून निर्धास्त राहू नका. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, नीटचं प्रवेशपत्र व स्कोअरकार्ड, ठरलेल्या नमुन्यातलं वैद्यकीय प्रमाणपत्र आणि बारावीनंतर वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र, एवढं फाइलला असू द्या.

सरकारी कॉलेजांतल्या १५ टक्के जागा केंद्राची एमसीसी (मेडिकल कौन्सेलिंग कमिटी) भरते, ८५ टक्के राज्याचा सीईटी कक्ष. राज्याच्या जागांसाठी अधिवासासोबत दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली असावी लागते. केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या मुलांसारखे काही अपवाद माहितीपुस्तिकेत दिलेले असतात. सीमाभागातल्या वादग्रस्त गावांमधल्या मराठी विद्यार्थ्यांसाठी वेगळी तरतूद आहे, तिचा दाखलाही वेगळा. पुण्याचं भारती विद्यापीठ किंवा लोणीचं प्रवरा यांसारख्या अभिमत विद्यापीठांचे प्रवेश मात्र एमसीसीकडून होतात. दोन्हीकडे नोंदणी स्वतंत्र करायची, आणि केंद्राकडे जातीचा दाखलाही केंद्राच्या नमुन्यात लागतो. राज्यात एनटीत (भटक्या जमातींत) मोडणारी जात केंद्राच्या ओबीसी यादीत असू शकते, कारण तिथे एनटी असा वेगळा प्रवर्ग नाही. ते आधीच तपासा.

सीईटी कक्षाच्या पसंतीक्रमात एमबीबीएस आणि बीडीएसची कॉलेजं एकाच यादीत भरायची असतात. ‘मिळालं तर बघू’ म्हणून खाली बीडीएस टाकणारे पुष्कळ. जागा मिळाल्यावर नाकारली तर पुढच्या फेऱ्यांत काय होतं, हे त्या वर्षीच्या पुस्तिकेत वाचूनच यादी लॉक करा. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथली सरकारी कॉलेजं आणि महापालिकेचं नायर यांची फी खासगीच्या मानाने फारच कमी, तेव्हा ती वर ठेवायला हरकत नसावी. खासगी कॉलेजांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं. ती प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर पाहा, एजंटला विचारू नका. सीईटी कक्षाच्या फेरीतून प्रवेश घेतलेल्या, ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) मुलींना २०२४-२५ पासून शिक्षण व परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत आहे. त्यासाठी महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्ज करायचा. संस्थास्तरावरच्या (खासगी कॉलेजच्या स्वतःच्या कोट्यातल्या) किंवा अभिमतच्या जागेला ती लागू नाही.

बीडीएस म्हणजे चार वर्षं अभ्यास आणि एक वर्ष इंटर्नशिप. इतका काळ किंवा इतका खर्च झेपणार नसेल तर डेंटल हायजिनिस्ट आणि डेंटल मेकॅनिक हे दोन वर्षांचे अभ्यासक्रम आहेत. हायजिनिस्टचं काम दात साफ करणं आणि पेशंटला दातांची निगा शिकवणं, मेकॅनिकचं काम लॅबमध्ये कवळ्या आणि कॅप बनवणं. हाताने बारीक काम करायला आवडणाऱ्या मुलाला दुसरा पर्याय खरंच शोभतो, आणि त्याबद्दल शाळांमध्ये कुणी बोलतही नाही. मात्र फी भरण्याआधी तो अभ्यासक्रम दंतशिक्षणाच्या केंद्रीय नियामक संस्थेच्या मान्यतेच्या यादीत आहे का ते बघा. मान्यता नसेल तर पुढे राज्य दंत परिषदेत नोंदणी होत नाही.