"लॉ ले कॉलेजात जा लागत नाही" म्हणे!

वावर पाहत, दुकान सांभाळत लॉ होते, फक्त पेपरले जायचं, असं आमच्या पारावर अजूनही छातीठोक सांगतात. नाही होत भाऊ. बार कौन्सिलचे, म्हणजे देशातल्या वकिलांच्या संस्थेचे, 2008 चे नियम आहेत, त्यात प्रत्येक विषयाला 70 टक्के हजेरी लागते, खरंच काही अडचण असली तर 65 पर्यंत सूट मिळू शकते, अन् घरबसल्या पत्राद्वारे केलेल्या लॉवर वकिलीची सनद मिळत नाही. मी सोयाबीनच्या काढणीत आठवडाभर बुडवलं, मग ती हजेरी भरून काढाले तुळशीच्या लग्नानंतर दोस्तांची लग्नं सोडून सकाळच्या एसटीत उभा, एका हातात दांडा, दुसऱ्यात बेअर ॲक्ट, म्हणजे कायद्याच्या मूळ कलमांचं पुस्तक. काम जमते, पण कॉलेज सुटल्यावर, मी संध्याकाळी कृषी केंद्रात बिलं फाडतो.