पहिल्या कमिटच्या आधी

एक पूर्ण रिकामी फाइल गिटकडे, म्हणजे फाइलींमधल्या बदलांचा इतिहास जपणाऱ्या साधनाकडे, सोपवा. गिट तिला चाळीस चिन्हांचं नाव देतं आणि ते ई-६-९-डी-ई-२-९ असं सुरू होतं. तुमचा संगणक सोलापुरात असो की सिंगापुरात, विंडोजचा असो की लिनक्सचा, नेहमीच्या मांडणीत नाव हेच येतं. कारण ते कुणी ठेवत नाही. फाइलीतल्या मजकुरावरून शा-१ नावाचं गणित ते काढतं. मजकुरात एक स्वल्पविराम वाढला तरी नाव ओळखू येणार नाही इतकं बदलतं.

नव्या प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये जाऊन आपण ‘गिट इनिट’ ही आज्ञा देतो, तेव्हा ‘डॉट गिट’ नावाचं एक लपलेलं फोल्डर तयार होतं. पुढचा सगळा इतिहास त्यातच साठतो. कमिट केलं की गिट नोंदवायला दिलेल्या फाइलींची त्या क्षणाची स्थिती जपून ठेवतं. जी फाइल बदललेली नाही तिचं नाव तेच राहतं, म्हणून तिची दुसरी प्रत लागत नाही. शिवाय प्रत्येक कमिटमध्ये आधीच्या कमिटचं नाव लिहिलेलं असतं आणि त्यासकट सगळ्या मजकुरावरून नव्या कमिटचं नाव निघतं. मागचं एक अक्षर बदललं की तिथून पुढची सगळी नावं बदलणार. गुपचूप खाडाखोड करायला जागाच उरत नाही. इतक्या साध्या युक्तीतून एवढी भक्कम साखळी उभी राहते, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांना गिट २००५ मध्ये घाईने उभं करावं लागलं. लिनक्स कर्नलचं, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचं, काम तोवर बिटकीपर या खासगी साधनावर चालायचं आणि त्याचा मोफत वापर बंद झाला. ३ एप्रिलला त्यांनी सुरुवात केली. ७ एप्रिलला गिटचा स्वतःचा कोड गिटमध्येच नोंदवलेला होता! कर्नलवर काम करणारे लोक जगभर विखुरलेले. म्हणून प्रत्येकाकडे अख्खा इतिहास हवा आणि त्यात कुठे बिघाड झाला तर लगेच कळायला हवं, हा आग्रह पहिल्यापासून होता.

पण काहीच न विसरणारी ही वही नवख्यांच्या अंगाशीही येते. एका विद्यार्थ्याने पहिल्याच कमिटमध्ये डेटाबेसचा पासवर्ड असलेली फाइल टाकली होती. दुसऱ्या दिवशी लक्षात आल्यावर त्याने ती काढली, पुन्हा कमिट केलं आणि निश्चिंत झाला. मी त्याच्याच लॅपटॉपवर ‘गिट शो’ चालवून जुन्या कमिटमधला पासवर्ड वाचून दाखवला, तेव्हा त्याचा चेहरा उतरला. इतिहास नव्याने लिहिणारी साधनं आहेत, पण ज्यांनी आधीच प्रत उतरवून घेतली त्यांच्याकडे जुना इतिहास राहतोच. अशा वेळी आधी पासवर्ड बदलायचा, साफसफाई नंतर.

म्हणून ‘डॉट गिटइग्नोर’ ही फाइल, म्हणजे गिटने कशाकडे दुर्लक्ष करायचं त्याची यादी, पहिल्या कमिटच्या आधीच लिहावी. पासवर्डांची ‘डॉट ईएनव्ही’ फाइल त्यात आलीच पाहिजे. संगणक जे पुन्हा तयार करू शकतो किंवा उतरवून घेऊ शकतो, तेही वगळावं: कंपाइल होऊन आलेल्या फाइली, जावास्क्रिप्टच्या प्रकल्पातलं जाडजूड ‘नोड मॉड्यूल्स’ फोल्डर. हे नंतर करू म्हटलं तर फसगत होते, कारण गिट ज्या फाइलीवर आधीच नजर ठेवून आहे तिचं नाव गिटइग्नोरमध्ये घातलं तरी तिची नोंद चालूच राहते.

कमिटचा संदेशही मनापासून लिहावा. काय बदललं ते गिट दाखवतंच. का बदललं ते फक्त तुम्हालाच माहीत असतं.

आणि ‘गिट अ‍ॅड’ करून, म्हणजे फाइली नोंदवायला देऊन, झालं की एकदा ‘गिट स्टेटस’ द्या. समोर येणारी यादी सावकाश, ओळ न् ओळ वाचा. नको ती फाइल दिसली तर तिला यादीतून बाहेर काढा. कमिट अजून झालेलं नाही.