फार्मसी प्रवेश: औषधोपचार शिकायचा असेल तर कोणता अर्ज आणि कोणते दाखले?

बारावी सायन्सनंतर फार्मसी म्हटलं की घरात पहिली चर्चा ‘डी की बी’ अशी होते. डी म्हणजे दोन वर्षांची पदविका, बी म्हणजे चार वर्षांची पदवी. तिसरा पर्याय सहा वर्षांच्या फार्म डीचा, म्हणजे डॉक्टर ऑफ फार्मसीचा, पण त्याचं नाव क्वचितच निघतं. तुमचा ओढा गोळी बनवण्यापेक्षा ती शरीरात काय करते याकडे असेल, तर वर्षं आणि फी मोजण्याआधी विषयांची यादी बघा.

शरीररचना आणि शरीरक्रियाशास्त्र, म्हणजे मुलांच्या तोंडचं एचएपी, तिन्हीकडे सुरुवातीलाच आहे. फरक पुढे पडतो. डी फार्मच्या दुसऱ्या वर्षी फार्माकॉलॉजीचा, म्हणजे औषध शरीरावर कसं काम करतं याचा, एक पेपर आणि फार्माकोथेरप्युटिक्सचा, म्हणजे प्रत्यक्ष औषधोपचाराचा, एक पेपर असतो. फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाच्या, म्हणजे पीसीआयच्या, सेमिस्टर अभ्यासक्रमात बी फार्मला एचएपी पहिल्या दोन सेमिस्टरना, पॅथोफिजिऑलॉजी (आजारात शरीरात होणारे बदल) दुसऱ्याला आणि फार्माकॉलॉजी चौथ्या ते सहाव्या सेमिस्टरला येतं. औषधोपचार सलग तीन वर्षं शिकवतात ते फार्म डीला, आणि सहावं, शेवटचं वर्ष रुग्णालयातल्या इंटर्नशिपचं असतं. डी फार्म करून थेट बी फार्मच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं. पण मग पदवीचं पहिलं वर्ष वगळलं जातं आणि चौथ्या सेमिस्टरच्या फार्माकॉलॉजीला डिप्लोमातल्या एचएपीवरच उभं राहावं लागतं. या वाटेने जाणाऱ्यांनी एचएपीचं पुस्तक रद्दीत घालू नये.

अर्जाचे दरवाजे दोन आहेत आणि दरवर्षी कोणीतरी चुकीच्या दारात उभं राहतं. डी फार्मचा प्रवेश तंत्रशिक्षण संचालनालय, म्हणजे डीटीई, बारावीच्या गुणांवर करतं. सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षा, लागत नाही. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र किंवा गणित घेऊन बारावी पास असणं पुरतं. बी फार्म आणि फार्म डी मात्र राज्य सीईटी कक्षाकडे. बी फार्मला या विषयांत मिळून खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के, राज्यातल्या राखीव प्रवर्गांना ४० टक्के लागतात, शिवाय एमएचटी-सीईटी. जीवशास्त्र गटाचा पेपर २०० गुणांचा: भौतिक ५०, रसायन ५०, जीवशास्त्र १००. निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळे प्रश्न कोरा सोडण्यात अर्थ नाही. गणित गटातूनही बी फार्मला जाता येतं. अशा मुलांना पहिल्या सेमिस्टरला जीवशास्त्राचा पूरक विषय घ्यावा लागतो आणि एचएपीच्या पहिल्या महिन्यात त्याचं महत्त्व कळतं.

फॉर्म भरणं अर्ध्या तासाचं काम आहे. खरी धावपळ दाखल्यांची.

दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला आणि आधार सगळ्यांना लागतं. दाखल्यावर राष्ट्रीयत्व ‘भारतीय’ आणि जन्मठिकाण लिहिलेलं आहे का, हे आजच बघून घ्या. दहावी-बारावी दोन्ही महाराष्ट्रातून असेल आणि जन्मही इथलाच असेल, तर काम सोपं. जन्म बेळगाव किंवा गोव्याचा असेल तर डोमिसाईल काढावं लागतं. ते, तसंच उत्पन्नाचा दाखला, आपले सरकार पोर्टलवरून किंवा सेतू केंद्रातून मिळतं. इथे नवी मुंबईकर हमखास फसतात, कारण पत्ता नवी मुंबईचा असला तरी तालुका वेगवेगळा आहे. दिघा, ऐरोली, वाशी, नेरूळ, बेलापूर हे ठाणे तालुक्यात. बेलापूरला लागूनच असलेलं खारघर आणि पुढे कामोठे, कळंबोली हे पनवेल तालुक्यात, म्हणजे रायगड जिल्ह्यात. अर्जात तालुका चुकला की अर्ज परत येतो.

जातीच्या दाखल्याचं गणित आणखी वेगळं. तो आजच्या पत्त्यावर नव्हे, तर मानीव दिनांकाला, म्हणजे त्या प्रवर्गासाठी ठरवलेल्या तारखेला, कुटुंब जिथे राहत होतं तिथल्या प्रांत कार्यालयातून मिळतो. अनुसूचित जाती-जमातींना १९५० चा, विमुक्त-भटक्यांना १९६१ चा आणि ओबीसींना १९६७ चा पुरावा लागतो. आजोबा ऐंशीच्या दशकात साताऱ्याहून ठाण्यात आले असतील, तर दाखलाही साताऱ्याचाच आणि व्हॅलिडिटीही, म्हणजे जात वैधता प्रमाणपत्रही, त्याच जिल्ह्याच्या समितीकडे. म्हणून व्हॅलिडिटीचा प्रस्ताव अकरावीतच कॉलेजमार्फत पाठवणं शहाणपणाचं. ओबीसी, विमुक्त-भटक्या, विशेष मागास आणि एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास) उमेदवारांना वर नॉन-क्रिमिलेअर लागतं, तेही पुढच्या वर्षीच्या ३१ मार्चपर्यंत वैध असलेलं. दाखल्यासाठी केलेल्या अर्जाच्या पावतीवर प्रवेशाचा अर्ज घेतात, पण मूळ दाखला मुदतीत दिला नाही तर उमेदवार खुल्या प्रवर्गात ढकलला जातो. मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र जोडा.

पुढचा क्रम ठरलेला: नोंदणी, कागदपत्रं अपलोड, ऑनलाइन किंवा सुविधा केंद्रात पडताळणी, तात्पुरती गुणवत्ता यादी, हरकती, अंतिम यादी, मग कॅप राउंडचे, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश फेऱ्यांचे, पर्याय. तात्पुरत्या यादीत प्रवर्ग आणि गुण नीट तपासा, कारण अंतिम यादीनंतर दुरुस्तीला वाव उरत नाही. पर्याय आवडीच्या क्रमानेच भरा. पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाचं कॉलेज मिळालं की जागा आपोआप फ्रीज, म्हणजे पक्की, होते, त्यामुळे ‘बघू मिळतंय का’ म्हणून वर काहीही टाकू नका. सीबीडी बेलापूरचं भारती विद्यापीठ, सानपाड्याचं ओरिएंटल, उल्हासनगरचं हिरानंदानी ही इथल्या मुलांच्या यादीत येणारी नावं. लोकलने कलिना आणि माटुंग्याची कॉलेजंही आवाक्यात आहेत. नेरूळचं डी. वाय. पाटील अभिमत विद्यापीठ आहे, त्याची प्रवेशप्रक्रिया वेगळी. नवीन कॉलेज असेल तर पीसीआयच्या संकेतस्थळावर मान्यता तपासा. मान्यता नसलेल्या पदवीवर फार्मासिस्ट म्हणून नोंदणी होत नाही.

फी सवलतीसाठी महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर वेगळा अर्ज असतो. खुल्या प्रवर्गात कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर राजर्षी शाहू योजनेतून निम्मं शिक्षण शुल्क मिळतं. त्याच मर्यादेत ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना व्यावसायिक पदवीचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क २०२४-२५ पासून पूर्ण माफ आहे. प्रवेश कॅपमधून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून गेलात तर ही सवलत विसरा, हे एजंट सांगत नाहीत.

डी फार्मला दोन वर्षांनंतर ५०० तासांचं प्रात्यक्षिक प्रशिक्षण असतं आणि २०२२ च्या नियमांनुसार एक्झिट परीक्षाही. तिच्या तिन्ही पेपरांत प्रत्येकी निदान ५० टक्के लागतात. त्यानंतरच महाराष्ट्र राज्य फार्मसी कौन्सिलकडे नोंदणी होते. कौन्सिलचं कार्यालय मुलुंड पश्चिमेला, एलबीएस मार्गावरच्या ईएसआयएस रुग्णालयाच्या आवारात आहे.