एकच डिझाइन, शेकडो नावे : यादीवरून होणाऱ्या छपाईविषयी माहिती

जून महिन्यात शाळांची ओळखपत्रे, दिवाळीच्या आधी गूळ आणि फराळाच्या पाकिटांची लेबले, स्नेहसंमेलनांच्या हंगामात प्रमाणपत्रे अशी कामे कोल्हापूरच्या राजारामपुरीतील आमच्या कार्यालयात दरवर्षी येतात. या कामांत डिझाइन एकच असते आणि नाव, इयत्ता, वजन किंवा किंमत तेवढी बदलते. हा बदलता मजकूर प्रत्येक प्रतीत हाताने भरण्याऐवजी आता आम्ही तो लहानशा प्रोग्रामकडून भरून घेतो. त्यासाठी आपल्याकडून यादी विशिष्ट पद्धतीने मागितली जाते. तसे का, हे सांगण्यासाठी हे पत्रक आहे.

डिझाइन पूर्वीप्रमाणे माणूसच करतो. आपण पसंत केलेले डिझाइन आम्ही एसव्हीजी फाइलमध्ये ठेवतो. ही फाइल उघडल्यावर चित्र दिसते, पण आतून ती साधा मजकूर असल्यामुळे नावाच्या जागी एक खूण ठेवता येते. पायथॉन भाषेत लिहिलेला आमचा प्रोग्राम यादीतील एकेक ओळ वाचतो, खुणेच्या जागी नाव घालतो, नोंदणी क्रमांकावरून फोटो शोधून जोडतो आणि इंकस्केप या मोफत सॉफ्टवेअरच्या साहाय्याने पीडीएफ तयार करतो. ती आरजीबी म्हणजे पडद्यावरच्या रंगांत असते, म्हणून छपाईपूर्वी सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या चार शाईंच्या रंगांत, रूपांतर करून आपल्या लोगोचा रंग आम्ही पुन्हा पाहतो. सुमारे ८६ × ५४ मिलिमीटरच्या ओळखपत्रावर लांब नाव चौकटीबाहेर जाऊ नये यासाठी प्रोग्राम त्याची रुंदी मोजून अक्षर लहान करतो. मात्र वाचता येणार नाही इतके लहान करण्याची वेळ आली, तर नाव दोन ओळींत घेतो.

सर्वाधिक काळजी घ्यावी लागते ती यादीची. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेले नाव पडद्यावर मराठी दिसते, परंतु फाइलमध्ये प्रत्यक्षात रोमन अक्षरे आणि चिन्हेच साठवलेली असतात. ती युनिकोडमध्ये, म्हणजे मराठी अक्षरे मराठी म्हणूनच साठवणाऱ्या प्रमाण पद्धतीत, बदलताना ‘कुऱ्हाडे’, ‘ज्ञानेश्वरी’ अशी नावे बिघडण्याचा संभव असतो, म्हणून यादी मुळातच युनिकोडमध्ये टाइप केलेली असावी, असा आमचा आग्रह आहे. एक्सेलचीही एक खोड लक्षात ठेवावी लागते. ‘००७’ हा हजेरी क्रमांक तेथे केवळ ‘७’ होतो, आणि बारकोडचा १३ अंकी क्रमांक संक्षिप्त रूपात दिसू लागतो. तशीच फाइल सीएसव्ही (साध्या मजकुराच्या यादीची फाइल) म्हणून जतन केली, तर शेवटचे अंक कायमचे जातात. क्रमांक भरण्यापूर्वी त्या स्तंभाचा प्रकार ‘टेक्स्ट’ ठेवल्यास हे टळते. बारकोडचा शेवटचा अंक आधीच्या १२ अंकांवरून गणिताने ठरतो, त्यामुळे तेथील बहुतेक चुका प्रोग्रामला पकडता येतात. नावाच्या बाबतीत अशी सोय नाही. यादीत ‘पाटील’ऐवजी ‘पाटिल’ असेल, तर तेच छापले जाईल.

याच कारणाने छपाईपूर्वी आम्ही सर्व नावांचा प्रूफ-कागद देतो. ओळखपत्रांचा प्रूफ वर्गशिक्षकांनी आणि लेबलांचा प्रूफ दुकानाचा हिशेब पाहणाऱ्या व्यक्तीने तपासावा, कारण नावे आणि दर त्यांनाच खात्रीने ठाऊक असतात. प्रूफवरील सहीनंतर, पण छपाईपूर्वी, दोन-चार नावे बदलायची झाल्यास वेगळे शुल्क लागत नाही. यादी दुरुस्त करून प्रोग्राम पुन्हा चालवला की पुरते. फोटोची जागा किंवा ओळखपत्राचा आकार बदलायचा असल्यास मात्र मूळ डिझाइन पुन्हा करावे लागते आणि त्याचे शुल्क स्वतंत्र असते.

लग्नपत्रिका, दुकानाची पाटी किंवा नवा लोगो यांना ही पद्धत उपयोगाची नाही. ती कामे आम्ही आपल्याशी समोरासमोर बसून, कच्चे आराखडे दाखवून करतो. तसेच दहा-बारा प्रतींसाठी प्रोग्रामची तयारी करण्यापेक्षा हातानेच काम करणे आपल्याला स्वस्त पडते, आणि आम्ही तसे आधीच सांगतो.

विद्यार्थ्यांचे फोटो आणि पत्ते काम पोहोचवल्यानंतर आमच्या संगणकावरून काढून टाकले जातात. पुढील वर्षासाठी डिझाइन तेवढे जपून ठेवले जाते. नवी यादी मात्र आपण पुन्हा द्यावी.